७ नोव्हेंबरची दुसरी आठवण

७ नोव्हेंबर ही तारीख आता आपल्या घराघरांत माहीत झाली आहे. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. ती नोंद आजही जपून ठेवलेली आहे. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. शाळाशाळांतून भाषणे होतात, मुले वह्या-पेन घेऊन घरी येतात.

याच तारखेची एक दुसरी आठवण आहे. ती मात्र आपण विसरत चाललो आहोत. ७ नोव्हेंबर १९३८ या दिवशी मुंबई इलाख्यातील कामगारांनी बाबासाहेबांच्या पुढारीपणाखाली एक दिवसाचा संप केला. तो संप पगारवाढीसाठी नव्हता. कामगाराच्या हाताला बेडी घालणाऱ्या एका कायद्याविरुद्ध तो होता. ही आठवण आम्हाला यंदा झाली ती मुंबईत नव्हे, लिंबागणेशला.

बीडहून मांजरसुंबा सोडून पाटोद्याच्या रस्त्याला लागले, की लिंबागणेश येते. बाहेरच्यांना हे गाव गणपतीच्या देवळामुळे ठाऊक आहे. बालाघाटाच्या माळावरचे हे गाव. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. अशोक विजयादशमी झाली, वस्तीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा झाला, की चारआठ दिवसांत वेशीजवळ ट्रॅक्टर उभे राहू लागतात. पत्र्याच्या पेट्या, पीठ, भांडी, शेळी, कोंबड्या आणि मुले, सगळा संसार ट्रॉलीत चढतो. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. परत येणे मार्च-एप्रिलात.

निघण्याआधी लोकांचे अर्ज भरून द्यावेत म्हणून आम्ही वस्तीत बसलो होतो. आमचा पेशा कारकुनाचा. आवक-जावक वही सांभाळण्यात उमर गेली, त्यामुळे असली कामे आमच्याकडेच येतात. तिशीतली एक ताई मुकादमाने दिलेला कागद घेऊन आली. त्यावर उचलीची रक्कम होती, नवऱ्याचा अंगठा होता, दोन साक्षीदार होते आणि पुढे लिहिले होते, 'एक कोयता'.

"दादा, ह्याच्यात माझं नाव कुठंय?" तिने विचारले.

आम्ही कागद उलटसुलट करून पाहिला. नाव नव्हते.

"ऊस तर आम्ही दोघं तोडतो. मोळ्या मी बांधिते, डोक्यावर घेऊन गाडीवर मी चढविते. मग कोयता म्हंजे कोण?"

वाचकहो, वाणिज्य शाखेची पदवी आमच्या खिशात आहे. जमा-नावे आम्हाला कळते. पण या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. ते शोधायला आम्ही मागे मागे गेलो आणि पार इंग्रजांच्या राज्यापर्यंत जाऊन पोहोचलो.

उचल घेतली तर तुरुंग

आगाऊ रक्कम देऊन मजुराला बांधून घेण्याची रीत आजची नाही. १८५९ साली इंग्रज सरकारने मजुरांच्या करारभंगाचा एक कायदा केला. मजुराने आगाऊ पैसे घेतले आणि काम केले नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचे. मॅजिस्ट्रेट सांगणार, पैसे परत कर नाहीतर काम पुरे कर. तेही झाले नाही, तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर मात्र तो साधा दिवाणी मामला. मजुराने मोडला तर गुन्हा! हा कायदा आधी मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी होता. पुढे तो आसामच्या चहामळ्यांपर्यंत पोहोचला. तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडले, म्हणजे सहासष्ट वर्षे लागली.

या काळात कामगारांचा आवाज पहिल्याने उठवला तो सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या आज वाचल्या तर डोळ्यांत पाणी येते. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. पगार वेळेवर करा. काम करताना हातपाय गेला तर काही भरपाई द्या. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला रविवारची सुट्टी मान्य झाली. आज साहेबापासून शिपायापर्यंत जो रविवार उपभोगतो, तो या माणसांनी मिळवला आहे.

पण संघटना करणे हाच त्या काळी धोका होता. युनियनला कायद्याचे संरक्षण नव्हते. १९२१ च्या सुमारास मद्रासमध्ये गिरणी मालकांनी कामगार पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावर हायकोर्टात दावा ठोकला आणि मनाईहुकूम मिळवला. या प्रकरणानंतर देशभर मागणी झाली, तेव्हा कुठे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला.

सरकारी वही कोणासाठी?

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत संपांची लाट आली. १९२१ साली मुंबई सरकारने 'लेबर ऑफिस' काढले. धान्याचे भाव किती, मजुरी किती, कुठे संप झाला, किती दिवस चालला, हे सर्व तेथे टिपले जाऊ लागले. या कचेरीने कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली आणि १९२३ साली ती छापली. तिच्यातून एक भयंकर गोष्ट बाहेर आली. मुंबईचा कामगार जेवढे धान्य खात होता, त्याहून अधिक धान्य तुरुंगाच्या नियमांत कैद्याला ठरवून दिलेले होते!

हे सरकारच्याच कारकुनांनी लिहिले. आम्ही स्वतः कारकून असल्याने याचे मोल जाणतो. खरी नोंद झाली, की ती लिहिणाऱ्याच्या मालकालाही सोडत नाही. परंतु नुसत्या नोंदीने कामगाराच्या ताटात भाकरी वाढली नाही. १९२८ साली गिरण्यांचा संप सहा महिने चालला. १९२९ साली मीरत खटल्यात कामगार पुढाऱ्यांना पकडून नेले. १९३४ च्या मोठ्या संपानंतर सरकारने कायदा करून मुंबईत 'लेबर ऑफिसर' नेमला. कामगारांची गाऱ्हाणी ऐकायची आणि मालकाकडे मांडायची, हे त्याचे काम. काम चांगले होते. पण युनियनचा माणूस तुरुंगात आणि गाऱ्हाणे ऐकायला सरकारी साहेब, अशी ही मांडणी होती. कामगाराने साहेबाकडे यावे, आपल्या संघटनेकडे जाऊ नये, असा त्यातला हेतू.

आफ्रिकेतही तोच पाढा

हा डाव फक्त आपल्याच देशात खेळला गेला नाही. इंग्रजांचे राज्य आफ्रिकेतही होते. तिथल्या काळ्या कामगाराचे हाल वाचताना आम्हाला वारंवार आपलीच माणसे दिसली.

केनियात सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकी पुरुषाला 'किपांडे' नावाचा कागद बाळगावा लागे. पहिल्या महायुद्धानंतर ही सक्ती सुरू झाली. तो कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवायचा. त्यावर बोटांचे ठसे, मजुरी, मालकाचे नाव. मालकाने सुटकेची सही केल्याशिवाय दुसरीकडे काम धरता येत नसे. काम सोडून पळाला, तर गुन्हा. गळ्यात मडके घालून फिरवलेल्या समाजाला या डबीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

१९३० साली विलायतेतील वसाहत मंत्री लॉर्ड पॅसफील्ड यांनी सर्व वसाहतींना पत्र पाठवले, की तुमच्याकडे युनियनसाठी कायदे करा. पण का? तर युनियन होणारच आहेत. त्या सरकारच्या देखरेखीखाली वाढल्या नाहीत, तर असंतुष्ट लोकांच्या हाती जातील, ही भीती. उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, तांब्याच्या खाणी आहेत. तेथे १९३५ च्या संपात सहा आफ्रिकी कामगार गोळीबारात मेले, १९४० च्या संपात सतरा. तरीही सरकारने आफ्रिकी कामगारांची युनियन लगेच होऊ दिली नाही. आधी 'जमातीचे वडीलधारे प्रतिनिधी' पुढे केले. वडीलधाऱ्यांनी साहेबाशी बोलायचे आणि कामगाराने वडीलधाऱ्यांचे ऐकायचे. आपल्याकडे मुकादमाची जागा जी, तीच तेथे या वडीलधाऱ्यांची. कामगारांनी ही व्यवस्था झुगारली आणि १९४९ मध्ये स्वतःची खाणकामगार युनियन उभी केली.

केनियातल्या युनियनच्या इतिहासात एक नाव आपल्या देशाचे आहे, मखनसिंग. पंजाबात जन्मलेला हा शीख तरुण नैरोबीत वाढला. १९३५ मध्ये त्याने युनियन बांधली आणि तिचे दार केवळ हिंदी कामगारांसाठी न ठेवता आफ्रिकी कामगारांनाही उघडले. १९४० साली भारतात असताना त्याला येथील इंग्रज सरकारने अटकेत टाकले. १९४७ साली तो केनियात परतला. १९४९ मध्ये फ्रेड कुबाई या आफ्रिकी साथीबरोबर त्याने सर्व युनियनांचा महासंघ काढला, तर सरकारने त्याची नोंदणीच नाकारली. मजुराची नोंद सक्तीची आणि त्याच्या संघटनेची नोंद नामंजूर, हे वसाहतीचे गणित! १९५० साली पकडलेला मखनसिंग १९६१ मध्ये सुटला.

काळा कायदा आणि काळी बाजू

आता मुंबईकडे वळू. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावातच मजूर होता. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले, की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. तेव्हा प्रांतात निवडून आलेले काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, गोरा साहेब नव्हे. विधेयकात संपाआधी इतक्या पायऱ्या आणि मुदती घातल्या, की त्या न चढता संप केला तर तो बेकायदा आणि कामगाराला कैद. बाबासाहेबांनी विधिमंडळात रोखठोक मांडले, की संप करण्याचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचे दुसरे नाव आहे. माणसाला शिक्षेच्या धाकाने कामाला जुंपणे म्हणजे गुलामगिरी.

या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरचा संप झाला. बाबासाहेब आणि डांगे, परुळेकर, मिरजकर हे डावे पुढारी एका व्यासपीठावर आले. मतभेद होते, मोठे होते, तरी त्या दिवसापुरते ते बाजूला ठेवले. गोळीबार झाला, अनेक कामगार जखमी झाले. कायदा व्हायचा तो झालाच. पण कामगाराच्या हक्कासाठी अस्पृश्य कामगार सर्वांच्या पुढे उभा राहू शकतो, हे मुंबईने पाहिले.

येथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. गिरण्यांतल्या कापड विणण्याच्या खात्यात पगार चांगला होता, पण तेथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपण कसा घ्यावा, म्हणून सवर्ण कामगारच विरोध करीत. लाल बावटा खांद्यावर आणि विटाळ मनात! १९२८ च्या संपावेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे पुढाऱ्यांनी तो नाखुशीने मागण्यांत घेतला. तात्पर्य हे, की संघटना हवीच. पण संघटनेच्या आत कोणाला कुठे बसवले आहे, तेही पाहायला हवे.

मजूर खात्याच्या खुर्चीत

१९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. ज्या खात्याने कामगारावर नजर ठेवली, तेच खाते आता त्यांच्या हाती आले. चार वर्षांत त्यांनी काय केले? सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद भरवली. १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरून पाहणी केली. युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक त्याच वर्षी मांडले. खाण कामगारांसाठी कल्याण निधी आणला. कारखान्यातील आठवड्याचे ५४ तास १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने ४८ वर आले, म्हणजे दिवसाचे आठ तास.

सारे काही त्यांच्या मनासारखे झाले असेही नाही. महायुद्धात कोळसा कमी पडला म्हणून स्त्रियांना खाणीत खाली उतरवण्यावरची बंदी १९४३ मध्ये सरकारने उठवली. मजूर मंत्री म्हणून त्याचे उत्तर केंद्रीय विधिमंडळात बाबासाहेबांनाच द्यावे लागले. त्या वेळी त्यांनी एक तत्त्व ठामपणे मांडले, स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी. ती बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली.

आणि आमचा कोयता?

आपला बीड जिल्हा या सर्व काळात निजामाच्या राज्यात होता. इंग्रजी मुलखातले कायदे येथे आपोआप लागू नव्हते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला आली ती वेठ. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली. पण १९७२ च्या दुष्काळानंतर उसाच्या फडाकडे जाणारी रांग वाढली, ती वाढतच गेली.

ऊसतोड कामगारांनी संप केले नाहीत असे नाही. संपांमुळेच दर वाढत आले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. पण टेबलाशी कारखान्यांचा संघ आणि संघटनांचे पुढारी बसतात. फडातला पैसा मुकादमाच्या डायरीतून येतो. तिच्यात उचलीची बाजू ठळक असते, तोडलेल्या उसाची बाजू पुसट. आजारी पडून एक दिवस गेला तर 'खाडा' म्हणून पैसे कापतात. हा खाडा पडू नये म्हणून बायका दुखणे अंगावर काढतात. त्या भीतीचा शेवट कुठे होतो, हे २०१९ साली बीडच्या गर्भपिशवी काढलेल्या स्त्रियांच्या प्रश्नाने साऱ्या राज्याला दाखवले.

याउलट मुंबईचा माथाडी पाहा. तोही ओझेच उचलतो. अण्णासाहेब पाटलांच्या पुढारीपणाखाली माथाडी संघटित झाले, १९६९ साली त्यांचा कायदा आला. मंडळाच्या वहीत कामगाराचे नाव असते, मालक मजुरी मंडळात भरतो, भविष्य निर्वाह निधी जमा होतो. ऊसतोडीला असे संरक्षण द्या, ही मागणी जुनीच आहे. आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आहे. त्यासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्याने आणि तेवढेच शासनाने द्यावेत, असे ठरले. पण ज्याचे नावच वहीत नाही, त्याला त्यातले काय पोहोचणार?

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. तिच्यात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत आवश्यक केली आहे. १९३८ चे विधेयक वाचलेल्याने ही संहिताही डोळे उघडे ठेवून वाचावी.

आमच्या बुद्धीला समजले ते इतकेच. नोंद ही दुधारी आहे. संघटना नसलेल्या माणसाच्या गळ्यात ती किपांडे होते. संघटना असलेल्याच्या हातात ती हक्काची पावती होते. म्हणून नोंद आणि संघटना दोन्ही एकदम हव्यात.

निघण्याआधी प्रत्येक घराने एवढे करावे. ग्रामपंचायतीकडे ऊसतोड कामगार म्हणून नवरा आणि बायको, दोघांची वेगवेगळी नोंद करून ओळखपत्र मागावे. उचलीच्या कागदावर दोघांची नावे घालायला लावावीत आणि त्याची झेरॉक्स घरी ठेवावी. फडात एक साधी शंभर पानी वही न्यावी. रोजचे वजन, पावतीचा नंबर, खाडा, सारे शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने लिहावे. मुलांना मागे ठेवता येत असेल, तर हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घालायला मुख्याध्यापकांना आधीच भेटावे. आणि टोळीतल्या पाच घरांनी हिशेब एकत्र बसून ताडून पाहावा. पाच घरे एकत्र बसली, की तीच युनियनची पहिली बैठक.

त्या ताईच्या अर्जावर आम्ही दोन ओळी केल्या. पहिलीत नवऱ्याचे नाव लिहिले, दुसरीत तिचे. मुकादमाच्या कागदावरही तिचे नाव घालून आणायला तिच्या नवऱ्याला पाठवले. तो कुरकुरला, पण गेला. संध्याकाळी कागद परत आला, तेव्हा तिने तो आपल्या सहावीतल्या मुलीपुढे धरला आणि वाच म्हणाली. मुलीने आईचे पूर्ण नाव मोठ्याने वाचले. "आणखी एकदा वाच," ताई म्हणाली.

ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी निघाला. मुलगी आजीपाशी राहिली आहे. ७ नोव्हेंबरला ती शाळेत असेल.

जयभीम!